केराबाईनं न लावलेलं मलम

म्हाळू नजर लागून गेला, हे गल्लीनं ठरवून टाकलं होतं. नजर कुणाची तेही ठरलं होतं. शेजारच्या खोलीतल्या सिद्धम्माची. या गोष्टीला चार वर्षं होऊन गेली, तरी त्यात कुणाला शंका नव्हती. म्हाळूच्या आत्याला, केराबाईलाही नव्हती.

केराबाई ही बिरप्पाची थोरली बहीण. मूळचं घर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती एक गाठोडं घेऊन भावाकडं परत आली, आणि भाऊ सोलापुरात चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात लागला तशी त्याच्यामागं शहरात आली. पत्र्याच्या दोन खोल्या, मागं गिरणीची उंच भिंत. बिरप्पा सूत रंगवायचा. त्याची बायको मायाक्का दुसऱ्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. घर केराबाईच्या अंगावर. म्हाळू जन्मला, दोन महिन्यांनी मायाक्का कामावर गेली, आणि तोही केराबाईच्याच मांडीवर आला. तिला स्वतःचं मूल झालं नव्हतं. म्हाळूच्या रूपानं देवानं आपलं देणं उशिरा का होईना पोचतं केलं, असं तिला वाटायचं.

चौथ्या महिन्यात म्हाळूच्या गालांवर तांबडे चट्टे उठले. मग ते कोपराच्या खळीत, गुडघ्यांमागं, मांड्यांवर पसरले. पोर अंग घासून घासून रडायचं, दुपट्यावर रक्ताचे ठिपके पडायचे. केराबाईनं हळद लावली, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतलं, दुधाची साय चोळली. काही गुण येईना. त्याच सुमारास रंगाच्या पाण्यानं बिरप्पाच्या हातांना इसब झाला होता, बोटं फुटून पाणी गळायचं. कारखान्यात येणाऱ्या डॉक्टरनं त्याला एक मलम लिहून दिलं. आठ दिवसांत हात साफ झाले आणि उरलेली ट्यूब कोनाड्यात पडली.

"बापाला गुण आला, लेकराला यील की," केराबाई म्हणाली.

पहिल्या दिवशीच खाज थांबली. तिसऱ्या दिवशी गाल असे झाले की मायाक्कानं कामावरून आल्या आल्या त्यांवर आपला गाल टेकवला आणि डोळ्यांत पाणी आणलं. चार दिवस मलम बंद केलं तर चट्टे परत आले. परत लावलं, परत गेले. मग केराबाईनं चट्ट्यांची वाट बघणं सोडून दिलं. सकाळी अंघोळ घातली की आणि संध्याकाळी दिवेलागणीला, तेल चोळावं तसं ती म्हाळूच्या सगळ्या अंगाला मलम चोळायची. ट्यूब संपली की रिकामी ट्यूब घेऊन औषधाच्या दुकानात जायची. दुकानदार तिच्याकडं बघून तसलीच दुसरी द्यायचा. कुणासाठी, किती दिवस, असं त्यानं कधी विचारलं नाही आणि तिलाही ते सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं. मलम कपड्याला पुसून जातं म्हणून तिनं एक युक्ती काढली. मांड्यांना आणि दंडांना ती आधी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायची आणि त्यावर फडकं बांधायची. या युक्तीचा तिला अभिमान होता.

सातव्या महिन्यात म्हाळूनं अंग धरलं. गाल इतके भरले की डोळे बारीक दिसायला लागले. मान दिसेनाशी झाली. कपाळावर आणि गालांवर मऊ लव आली. पोटाची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या निळ्या शिरा मोजून घ्याव्यात. नळावरच्या बाया विचारायच्या, "काय घालता गं पोराला?" केराबाई पदर सावरून हसायची.

सिद्धम्मा अक्कलकोटकडची. विधवा, एकटी, कडक भाकऱ्या थापून त्यांवर पोट भरणारी. हात पिठाचे असले तरी ती कोपरांनी म्हाळूला उचलून घ्यायची आणि तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणायची, "अय्यो, काय कूसू, काय बाळ हाय हे केराक्का! चंद्रासारखं तोंड. माझ्याकडं दे, मी भाकरीसंगं टोपलीत घालून नेते."

चैत्रात गावी बिरोबाची जत्रा होती. सगळे निघाले. गाठोडं बांधताना केराबाईनं ट्यूब हातात घेतली आणि परत कोनाड्यात ठेवली. म्हाळूचं अंग आरशासारखं नितळ होतं. चार दिवस मलम लावलं नाही म्हणून काय होतंय?

गावात दुसऱ्या दिवशी म्हाळूचं सगळं अंग कधी नव्हे इतकं लाल झालं. तिसऱ्या दिवशी त्यानं दूध ओकून टाकलं, मग पातळ हगवण सुरू झाली. तो रडतही नव्हता, नुसता पडून राहायचा. चौथ्या दिवशी सकाळी ताप चढला. बिरप्पानं गाडी जुंपली आणि सगळे तालुक्याच्या डॉक्टरकडं निघाले. वाटेत, भर दुपारी, एका बाभळीपाशी केराबाईला कळलं की मांडीवर नुसतं ओझं उरलंय.

"येवढं गुटगुटीत पोर," गावातली एक म्हातारी म्हणाली. "कुणी तोंडावर कौतिक केलं हुतं का?"

मायाक्कानं डोकं वर केलं. "चंद्रासारखं तोंड म्हणाली हुती ती."

एवढंच पुरलं. सोलापुरात परतल्यावर मायाक्का सिद्धम्माच्या दारात उभी राहून गल्ली गोळा होईपर्यंत ओरडली. सिद्धम्मा पिठाचे हात तसेच धरून उंबऱ्याच्या आत उभी होती. ती काहीच बोलली नाही, आणि तिचं न बोलणं हाच लोकांना पुरावा वाटला. त्या दिवसापासून तान्ह्या पोराची आई तिच्या दारावरून जाताना पोराच्या तोंडावर पदर ओढायची. गल्लीतलं भाकरीचं गिऱ्हाईक तुटलं. ती पहाटे टोपली घेऊन लांब दुसऱ्या पेठेत जायची, आणि दिवसभर तिच्या दाराला पोत्याचा पडदा असायचा. एकदा केराबाईनंही मीठ-मोहऱ्या ओवाळून त्या पडद्यासमोर टाकल्या होत्या.

म्हाळू मात्र घरातून गेला नाही. दुपारी सगळे कामावर गेले, केराबाई सूप घेऊन जोंधळे निवडायला बसली, की तिच्या मांडीवर ओझं यायचं. दिसायचं काही नाही. पण मांडीला मुंग्या यायच्या, लुगड्याला ऊब लागायची, कधी तर पोर झोपेत कूस बदलतं तशी हालचाल व्हायची. तिला भीती वाटत नसे. उलट ते जाऊ नये म्हणून ती श्वाससुद्धा बेतानं घ्यायची, सूप तसंच हातात धरून बसून राहायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला वाटून द्यावं असं ते सुख नव्हतं.

चार वर्षांनी मायाक्काला मुलगी झाली, सारजा. पाचव्या महिन्यात तिच्या गालांवर तसेच तांबडे चट्टे उठले.

मायाक्काचा चेहरा उतरला. "आता हिला कुणाची लागली?" ती सिद्धम्माच्या पडद्याकडं बघत म्हणाली.

बिरप्पाला कारखान्यात कळलं होतं की मोठ्या दवाखान्यात कातडीच्या एक नव्या डॉक्टरीणबाई बसतात. त्याला आणि मायाक्काला खाडा करणं जमणार नव्हतं. केराबाई सारजाला घेऊन गेली. जाताना तिनं आपल्या पेटीतून फडक्यात बांधलेली एक वस्तू काढून पिशवीत टाकली. म्हाळूची शेवटची ट्यूब. तळापासून गुंडाळत आणलेली, जवळजवळ रिकामी. म्हाळूचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सारजाचे गाल पाहिले, कोपरं उलटी करून पाहिली, घरात कुणाला दमा आहे का विचारलं.

"घरात याआधी कुणाला असं झालं होतं?"

"हिच्या थोरल्या भावाला. म्या त्याला हे लावलं हुतं, बाईसाहेब." केराबाईनं फडकं सोडून ट्यूब पुढं केली. "लई गुणाचं मलम. तेच द्या की हिला."

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उजेडाकडं धरून वाचली. "हे कुणी दिलं होतं?"

"भावाच्या हाताला दिलं हुतं. उरलं, ते लावलं. मग दुकानातनं आणलं."

"किती दिवस लावलं?"

"दिवस कुटलं, म्हैनं. चार म्हैनं तरी."

"कुठं कुठं?"

"समद्या अंगाला." तिला वाटलं आपण नीट केलं हे बाईंना कळावं, म्हणून ती उत्साहानं म्हणाली, "पुसून जाऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद बांधत हुते."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी आवाज चढवला नाही, उलट तो खाली आला. "मुलगा मग जाड झाला? तोंड गोल झालं, चंद्रासारखं? अंगावर लव आली?"

केराबाईच्या पायाखालची फरशी गार झाली. या बाईनं म्हाळूला कधी पाहिलं नव्हतं. "व्हय," ती म्हणाली.

"आणि मलम एकदम बंद केलं?"

"गावी गेलो हुतो."

"मग?"

मग काय झालं ते केराबाईनं सांगितलं. लाल अंग, ओकारी, हगवण, नुसतं पडून राहणं, ताप, बाभूळ. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. बाहेर बाकावर कुणाचं तरी पोर किंचाळत होतं. सारजा केराबाईच्या गळसरीशी खेळत होती.

"त्याला नक्की तेच झालं असं आज मला सांगता येणार नाही," शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी त्याला तपासलं नाही. पण तुम्ही विचाराल म्हणून सांगते. हे मलम वाईट नाही. मोठ्या माणसाच्या हाताच्या राठ कातडीला, थोडे दिवस, ते चांगलं आहे. तान्ह्या मुलाची कातडी पातळ असते. सगळ्या अंगाला चोळलं, वरून प्लॅस्टिक बांधलं, तर ते आत रक्तात उतरतं. आपल्या शरीरात तसंच एक औषध आपोआप तयार होत असतं. आजारपणात तेच माणसाला तोलून धरतं. बाहेरून महिनोन्‌महिने मिळायला लागलं की शरीर आपलं करणं सोडून देतं. मग बाहेरचं एकदम थांबलं आणि त्यात हगवण-ताप आला, तर तोलायला आत काहीच नसतं."

केराबाईला सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं, इतकं स्वच्छ कळलं.

"बाईसाहेब, म्हंजे नजर न्हवती?"

"नजर नव्हती."

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब परत फडक्यावर ठेवली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदारानं विचारायला हवं होतं, चिठ्ठीशिवाय द्यायला नको होतं. तुम्ही पोराच्या भल्याचंच बघत होता."

मग त्यांनी कागदावर लिहून दुसऱ्या मलमाची लहान ट्यूब दुकानातून घ्यायला सांगितलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत समजावलं. हे कमी ताकदीचं आहे, तान्ह्या मुलासाठीच आहे. फक्त लाल झालेल्या जागी, हरभऱ्याच्या डाळीएवढं बोटावर घेऊन पातळ पसरायचं, सकाळ-संध्याकाळ. डोळ्यांजवळ नाही. वरून काही बांधायचं नाही. आठवड्यानं पोरीला परत दाखवायचं. बरं वाटलं की दिवसाआड करत थांबवायचं, ते मी सांगेन तसं. अंग कोरडं पडू द्यायचं नाही, खोबरेल तेल दिवसातून चारदा लावायचं. "आणि घाबरून लावलंच नाही, असं करू नका. खाजवून कातडी फुटली की त्यात घाण जाते. तेही वाईटच."

केराबाई मान हलवत होती. येताना दुकानातून तिनं ट्यूब घेतली. घरी येऊन सारजाला खाली गोधडीवर निजवलं आणि भिंतीला टेकून बसली. मांडीवर ओझं आलं.

चार वर्षांत पहिल्यांदा ती दचकून उठून उभी राहिली. ओझं पडलं नाही. उभ्या उभ्या तिच्या पोटाशी, दंडाशी, ते तसंच राहिलं, जड, गोल, ऊब धरून. आपण ज्याला म्हाळूचं बाळसं म्हणत होतो ते मलमच होतं, हे तिच्या मनात आलं. जे मांडीवर घेऊन ती दुपारच्या दुपारी बसत होती, ते तिनंच बोटानं चोळून चोळून वाढवलेलं होतं.

त्या संध्याकाळी मायाक्कानं विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"मलम दिलंय. लावायचं सकाळ-संध्याकाळ."

"लावलासा का?"

"व्हय."

तिनं लावलं नव्हतं. ट्यूबचं टोपण उघडण्याइतकीही बोटं वळत नव्हती. रोज सकाळी ती ठरवायची, आज लावू. ट्यूब हातात घेतली की तिला म्हाळूच्या पोटावरच्या निळ्या शिरा दिसायच्या आणि ती ट्यूब परत ठेवायची. नुसतं खोबरेल तेल लावून ती सारजाचे गाल निरखत बसायची. फुगले तर नाहीत? कपाळावर लव तर नाही? तेल लावून काय फुगणार, हे तिला कळत होतं. तरी दिवसातून दहादा ती पोरीला दारातल्या उन्हात नेऊन बघायची. आठवड्यानं दवाखान्यात जायचं होतं, तेही तिनं "बाई रजेवर हायत" म्हणून चुकवलं. सारजाचे चट्टे फुटले. त्यांवर पिवळ्या खपल्या धरल्या. पोर तासन्‌तास किरकिरायची आणि केराबाई तिला मांडीवर घ्यायला धजायची नाही. मांडी मोकळी नसायची.

बाराव्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. सारजाला कणकण होती. मायाक्का म्हणाली, "आज म्या लावते मलम." कोनाड्यातून ट्यूब घेतली, टोपण फिरवलं आणि थबकली. ट्यूबच्या तोंडावरचा पातळ पत्रा फोडलेलाच नव्हता.

ती पडवीत आली. केराबाई भांडी घासत होती.

"वन्सं, ही ट्यूब दुसरी आणलीसा?"

केराबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"बारा दिस झालं. पोरीचं मांस दिसाय लागलंय. तुमी लावलं म्हणून सांगत हुतासा मला रोज." मायाक्काचा आवाज फुटला. "का? काय वाईट केलंय तिनं तुमचं?"

राखेचे हात तसेच ठेवून केराबाईनं सांगितलं. एकदम नाही. आधी ती म्हणाली, मला भ्या वाटतं. मग म्हणाली, म्हाळूला जे लावलं ते त्याच्या आत उतरलं. मग सगळंच सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं आणि तिनं उत्तर दिलेलं, प्लॅस्टिकच्या कागदापर्यंत. मायाक्का दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग यायची केराबाई वाट बघत होती. राग आला असता तर बरं झालं असतं. मायाक्का फक्त मधेच एकदा म्हणाली, "मी बी खूश हुते. रोज त्याचं गाल बघून मी बी खूश हुत हुते." मग आत जाऊन तिनं सारजाला फडक्यात गुंडाळलं आणि एकटीच दवाखान्याकडं निघाली.

बाहेरच्या खोलीत बिरप्पा बसला होता. त्यानंही ऐकलं असणार. तो आपल्या हातांकडं बघत होता. नखांत मुरलेला रंग धुऊन जात नसे, तो हिरवा-तांबडा रंग.

मायाक्का दुपारी परतली. डॉक्टरीणबाईंनी आधी खपल्यांसाठी पोटात घ्यायचं औषध दिलं होतं, आणि मलम आजपासून लावायला सांगितलं होतं. मायाक्कानं ते स्वतः लावलं. मग हात धुऊन, केराबाईकडं न बघता तिनं विचारलं, "सिद्धम्माला सांगितलासा?"

"न्हाय."

"मग जावा."

सिद्धम्माच्या दाराशी केराबाई चार वर्षांत थांबली नव्हती. पडदा बाजूला केला तेव्हा सिद्धम्मा तव्यावरच्या भाकरीला हातानं दाबत होती. आत एकच खोली, भाकऱ्यांची चळत, कोपऱ्यात पूजेच्या लिंगाची पेटी. भिंतीवर आरसा नव्हता. पूर्वी होता, हे केराबाईला आठवलं.

तिनं उभ्या उभ्या सांगितलं. सिद्धम्मानं भाकरी उतरवली, दुसरी टाकली नाही.

"केराक्का, मला वाटत होतं मीच खाल्लं ते कूसू," ती म्हणाली. "तुम्ही सगळी म्हणता म्हणजे असेल. माझं पोट रिकामं, माझी नजर भुकेची असेल. एकदा मी डोळ्यांत राख घालून घ्यायला बसले होते. डोळे गेले तर भाकरी कोण थापणार, म्हणून राहिलं."

केराबाई खाली बसली. "मला माफी कर म्हणायचं तोंड न्हाय."

"माफी मागू नको." सिद्धम्मानं तव्याखालची लाकडं मागं ओढली. "मायाक्का ओरडली तेव्हा सगळी गल्ली होती की नाही? मग तसंच सांग. नळावर सांग. माझ्या घरात येऊन कानात सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, बाया हंडे लावून उभ्या राहिल्या. केराबाईनं आपली घागर खाली ठेवली. तिला वाटलं आपण बोलणार नाही, घागर भरून घरी जाऊ. तेवढ्यात रांगेच्या शेवटी सिद्धम्मा येऊन उभी राहिली, डोक्यावरून पदर घेऊन, कुणाकडं न बघता.

"म्हाळू नजरेनं न्हाय गेला," केराबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "सिद्धम्मानं त्याचं काय बी वाईट केलं न्हाय. म्या त्याला न इचारता मलम लावलं, म्हैनं न्‌ म्हैनं, वर प्लॅस्टिक बांधलं, न्‌ एकाएकी बंद केलं. त्याचं बाळसं खरं न्हवतं. तो माज्या हातानं गेला. मोठ्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय."

नळाचं पाणी हंड्यावरून वाहत होतं. कुणी बंद केलं नाही. मग एकजण म्हणाली, "डाक्टर काय बी सांगत्यात." दुसरी म्हणाली, "मलमानं कुटं पोर मरतंय?" आजवर फक्त सिद्धम्मासाठी राखलेल्या नजरेनं कुणी केराबाईकडं पाहिलं. सिद्धम्मानं आपली पाळी आली तेव्हा कळशी भरली आणि निघून गेली.

त्याच दुपारी गल्लीच्या टोकाची शिवबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या कडेवरच्या पोराला अंगभर खाज होती. तिनं पदराआडून तसल्याच मलमाची अर्धी ट्यूब काढून दाखवली. "नणंदेनं दिली हुती मला. दोन म्हैनं लावत्येय. टाकून देऊ का?"

"टाकू नगंस. एकदम बंद बी करू नगंस," केराबाई घाईघाईनं म्हणाली आणि उठलीच. "चल, आत्ताच दवाखान्यात जाऊ. त्या बाई सांगतील कसं कमी करायचं ते."

सारजाच्या खपल्या आठ दिवसांत गळाल्या. लाली पंधरवड्यात मावळली. मायाक्का सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर स्वतः मलम लावायची, मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं दिवसाआड, मग बंद. मधल्या वेळात तेल लावायचं काम तेवढं केराबाईकडं राहिलं. मायाक्का तिच्याशी बोलायची, पण कामापुरतं. जेवायला वाढून व्हायचं, ताट सरकवलं जायचं. ताट सरकवताना मायाक्काचं बोट कधी केराबाईच्या बोटाला लागायचं नाही. सिद्धम्मानं दाराचा पडदा काढून टाकला, पण ती त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. तिला कुणी बोलावलंही नाही. बोलवायचं तोंड कुणाला होतं?

ओझं दुपारी येतच राहिलं. आता केराबाई त्याला धरून ठेवत नसे आणि झटकतही नसे. ते आलं की ती हातातलं काम चालू ठेवायची. कधी कधी म्हणायची, "बस." कधी नुसतीच रडून घ्यायची. ते हलकं झालं नाही.

थंडी सुरू झाली तशी सारजाच्या कोपरांत, मनगटांवर, गुडघ्यांमागं परत लाली उठली. पोरगी आता रांगत होती, हाताला येईल ते तोंडात घालत होती. मायाक्काची पाळी बदलून पहाटेची झाली होती. भोंगा व्हायच्या आत तिला निघावं लागायचं, आणि पोर तर उशिरापर्यंत झोपायची. दवाखान्यातून परत तेच मलम लिहून आणलं. दोन दिवस मायाक्कानं झोपेतल्या पोरीला लावून पाहिलं. पोर उठून बसायची, हात झाडायची, मलम डोळ्यांत जाईल अशी भीती.

तिसऱ्या दिवशी ती दाराशी गेली, चपला घातल्या, आणि परत आत आली. ट्यूब तिनं केराबाईच्या पुढ्यात ठेवली.

"माज्या म्होरं लावून दावा."

केराबाईनं हात धुतले, पदराला पुसले. सारजा त्या दिवशी लवकर उठून गोधडीवर बसून डबा वाजवत होती. केराबाईनं टोपण काढलं. वास आला, तोच नव्हता, पण त्याच्या नात्यातला होता. तिनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. मग परत पुढं केलं.

"केवढं?" मायाक्कानं विचारलं.

"डाळीएवढं."

"घ्या की मग."

तिनं घेतलं. सारजाचा हात धरून उलटा केला, कोपराच्या खळीतल्या लालीवर ते टेकवलं आणि पातळ पसरवलं, लाली संपते तिथपर्यंत, त्यापुढं नाही. दुसरी खळी. मनगटाला जरासं, मग उजव्या गुडघ्यामागं. पोरीनं हात ओढून घेतला आणि परत डबा वाजवायला लागली.

गिरणीचा भोंगा झाला. अजून डावा गुडघा राहिला होता. केराबाईनं वर पाहिलं, मायाक्का बघत असेल म्हणून. मायाक्का जेवणाचा डबा काखेत मारून केव्हाच गल्लीच्या वळणापर्यंत पोचली होती.